गजदंत शिंपला व त्याचे सोयरे

मे महिन्याच्या सुटींत कोंकणांत किंवा गोव्यास जाऊन आलेल्या मुलांच्या खिशांत जून महिन्यांत बहुधा शिंपले सांपडतात. नववीच्या वर्गांत दरवर्षीं मी ते सर्व एका टेबलावर ओतावयास लावतों आणि मुलांस एवढेंच सांगतों कीं, यांचे ढीग करा. मात्र अमुक वस्तु अमुक ढिगांत कां घातली, हें सांगतां आलें पाहिजे. टेबलावर नेहमींचाच माल असतो: लहानमोठे शंख, एखाददुसरी कवडी, तिसऱ्यांचे व खुब्यांचे शिंपले, कालवांचीं खडबडीत कवचें, आणि काष्ठौषधींच्या दुकानांत समुद्रफेस म्हणून मिळतो तो पांढरा, हलका, नखानें खरवडला जाणारा पदार्थ. त्यांत शाळेच्या कपाटांतून मी आणखी दोन वस्तु टाकतों. एक म्हणजे नागमोडी चुनखडी नळ्यांनीं झांकलेला दगड. या नळ्या समुद्रांतील एका जातीचे कृमि बांधतात. दुसरी म्हणजे बोटभर लांबीची, किंचित् वांकडी, एका टोंकास रुंद व दुसऱ्या टोंकास निमुळती, आरपार पोकळ अशी वस्तु. हत्तीचा सुळा कोणीं खेळण्याएवढा करून ठेवावा, तशी ती दिसते. इंग्रजींत तिला टस्क शेल म्हणतात. आपण या लेखांत गजदंत शिंपला म्हणूं.

मुलें पिळाचे शंख एकीकडे लावतात, दोन झडपांचे शिंपले दुसरीकडे. कवडी शंखांत घालावी कीं नाहीं, यावर वाद होतो. समुद्रफेस हें कोणा माशाचें हाड असावें, असें ठरवून तो बाजूस सारला जातो. आणि गजदंत जवळजवळ नेहमींच त्या कृमींच्या नळ्यांशेजारीं जाऊन बसतो. कारण विचारलें तर उत्तर तयार असतें: दोन्हीही चुन्याच्या नळ्याच आहेत!

या उत्तरास हंसण्याचें कारण नाहीं. अठराव्या शतकांतील सर्वांत मोठ्या वर्गीकरणकारानेंही हेंच उत्तर दिलें होतें. स्वीडन देशांतील कार्ल लिनिअस यानें १७५८ सालीं आपल्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाची दहावी आवृत्ति काढली. प्राण्यांच्या शास्त्रीय नांवांचा आरंभ आजही याच आवृत्तीपासून धरतात. पाठीचा कणा नसलेले व कीटकांतही न बसणारे सर्व प्राणी त्यानें ‘कृमि’ या एका अवाढव्य वर्गांत घातले, आणि त्यांपैकीं ज्यांस कवच आहे त्यांचा एक निराळा गण केला. या गणांत शंख, शिंपले, खडकांस व होड्यांच्या तळांस चिकटून राहणारे बार्नेकल, सर्पुला नांवाचे नळीकृमि आणि आपला गजदंत, हे सर्व एका पंक्तीस बसले. गजदंतास त्यानें डेंटॅलियम असें नांव दिलें व त्याचें पान सर्पुलाच्या लगत मांडलें. याच्या उलट, माकूल हा प्राणी, ज्याचें कवच बाहेरून दिसत नाहीं, तो दुसऱ्याच गणांत गेला. त्या गणाचें नांव मोलस्का, म्हणजे मऊ अंगाचे. मौज अशी कीं, आज ज्यांस आपण मोलस्का म्हणतों त्या शंखशिंपल्यांस लिनिअसच्या मोलस्कांत जागा नव्हती. तारामासा व समुद्रांतील जेली मासा यांस मात्र होती.

लिनिअसला यासाठीं दोष देणें मला अन्यायाचें वाटतें. त्या काळीं खलाशी दूरदेशींहून जे शिंपले आणीत, ते रिकामे असत. आंतील मांस वाटेंतच कुजून जाई. श्रीमंतांच्या कपाटांत जमे तें नुसतें घर. घरधनी कोणीं पाहिलेला नसे. घरावरून घरधन्याचें गोत्र सांगावें लागलें, तर चूक होणारच.

१७९५ सालीं पॅरिस येथें जॉर्ज क्युव्हिए या तरुण शास्त्रज्ञानें ही रीत बदलली. त्यानें प्राण्यांची चिरफाड करून त्यांची आंतील मांडणी पाहण्याचा आग्रह धरला, आणि लिनिअसचा तो ‘कृमि’ वर्ग मोडून काढला. गोगलगाय, कालव आणि माकूल हीं बाहेरून एकमेकांशीं कांहीं एक साम्य नसलेलीं जनावरें आंतून एकाच आराखड्यावर बांधलेलीं आहेत, हें या पद्धतीनें उघड झालें. आराखडा असा: खालीं स्नायूंचा एक पाय, वर जठर, यकृत इत्यादि अवयवांची एक मऊ गठडी, त्या गठडीवरून शालीसारखें पांघरलेलें त्वचेचें आवरण, ज्यास प्रावार म्हणतात, आणि तोंडांत किसणीसारखी, दांतांच्या रांगा असलेली जीभ. कवच हें प्रावाराचें काम आहे. तोच चुना पाझरवून घर बांधतो. समुद्रफेस हेंही कोणा माशाचें हाड नसून माकुलाच्या कुळांतील प्राण्याचें, प्रावाराखालीं झांकलें गेलेलें कवचच होय. म्हणजे ज्यास वर्गांत कोणताच ढीग मिळत नाहीं, तो समुद्रफेस वास्तविक शंखाचा नातलग, आणि शंखांसारखे खडकास चिकटणारे बार्नेकल मात्र परके! बार्नेकलांचीं पिलें पाण्यांत पोहत असतां झिंग्यांच्या पिलांसारखीं दिसतात, हें आयर्लंडमधील कॉर्क येथें नेमणुकीस असलेले लष्करी डॉक्टर जॉन व्हॉन टॉमसन यांनीं १८३० सालीं दाखविलें, आणि त्यांची रवानगी खेकड्या-झिंग्यांच्या कुळांत झाली.

मृदुकायांच्या वर्गांचीं नांवें बहुतेक पायावरून पडलीं आहेत. गोगलगाय व शंख पोटाच्या बाजूस असलेल्या पसरट पायावर सरपटतात, म्हणून ते उदरपाद. तिसऱ्यांचा पाय कुऱ्हाडीच्या पात्यासारखा असून वाळूंत घुसण्याच्या कामीं येतो. त्यामुळें त्यांस परशुपाद असेंही एक जुनें नांव आहे, परंतु कालव खडकास कायमचा चिकटला कीं त्याचा पायच नाहींसा होतो, सबब द्विपुट हें नांव अधिक सोईचें. माकूल व अष्टपाद यांच्या पायाचे हात होऊन ते डोक्याभोंवतीं आले, म्हणून ते शीर्षपाद. किसणीचेंही असेंच रूपांतर होतें. द्विपुटांत ती मुळींच नसते, कारण पाणी गाळून अन्न खाणाऱ्यास किसणी कशास हवी? शंकूच्या आकाराच्या कोन नांवाच्या शंखांत मात्र तिचा एकेक दांत पोकळ, आंकडेदार व विषारी बाण झालेला असतो. याच्या कांहीं जातींच्या दंशानें माणसें मेलेलीं आहेत. पालकांनीं मुलांस बजावून ठेवावें कीं, सुंदर नक्षीचा शंकूसारखा जिवंत शंख हातीं घेऊं नये. एरव्हींही जिवंत शंखशिंपले घरीं आणण्यांत दुर्गंधीवांचून कांहीं लाभ नाहीं, आणि कित्येक जातींस तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे.

आतां गजदंताकडे वळूं. त्याचा घरधनी पाहावयाचा तर समुद्राच्या तळाशीं जावें लागतें. भरतीओहोटीच्या पट्ट्यांत तो क्वचित्. पाण्याखालच्या वाळूंत व गाळांत, कांहीं जाती तर हजारों मीटर खोलीवर, तो स्वतःस पुरून घेऊन राहतो. चित्र काढावयास सांगितलें तर मुलें सुळ्याचें निमुळतें टोंक वाळूंत खुपसून रुंद तोंड वर ठेवतात. खरी स्थिति नेमकी उलट आहे. रुंद तोंड खालीं वाळूंत असतें. पाय आणि मुख तिकडेच. निमुळतें टोंक तेवढें वाळूच्या वर, पाण्यांत डोकावत असतें. त्या टोंकाच्या इवल्याशा भोंकांतून पाणी आंत येतें, आणि त्याच भोंकांतून पाणी, मळ व अंडीं बाहेर टाकलीं जातात. घरास एकच नळ; येणें त्यांतून आणि जाणेंही त्यांतून.

वाळूंत शिरण्याची त्याची युक्ति पाहण्यासारखी आहे. तो आपला लांबट पाय वाळूंत सारतो, मग पायाच्या टोंकाजवळच्या कडा फुगवून पसरतो, म्हणजे नांगर टाकल्याप्रमाणें पाय घट्ट रुततो. आणि मग पाय आखडून घेऊन अंगावरचें कवच खालीं ओढून घेतो. असें करीत करीत तो पाहिजे तितका खोल जातो. याच पायावरून जर्मन शास्त्रज्ञ ब्रॉन यानें १८६२ सालीं या वर्गास स्कॅफोपोडा, म्हणजे नौकापाद, असें नांव दिलें.

त्यास डोळे नाहींत. वाळूच्या अंधारांत त्यांचा उपयोगही काय? त्याऐवजीं मुखाभोंवतीं केसांसारखे बारीक असे पुष्कळ तंतु असतात व प्रत्येकाच्या टोंकास चिकट गांठ असते. हे तंतु वाळूच्या कणांमधून चोहोंकडे पसरतात, चांचपतात, आणि भक्ष्य सांपडलें कीं तें मुखाकडे आणतात. त्याचें मुख्य भक्ष्य म्हणजे फोरॅमिनिफेरा नांवाचे एकपेशीय जीव. यांचे देह सूक्ष्म, परंतु कित्येकांभोंवतीं चुन्याचें टणक घर असतें. (ईजिप्तमधील गीझा येथील पिरॅमिडांच्या दगडांत याच कुळांतील प्राचीन जीवांचीं नाण्यासारखीं घरें खच्चून भरलेलीं आहेत, हें जातां जातां सांगून ठेवतों.) असें दगडी फुटाणे फोडावयास दांतही तसेच हवेत, म्हणून गजदंताची किसणी त्याच्या देहाच्या मानानें फार मोठी व बळकट असते. उलटपक्षीं त्यास कल्ले नाहींत. प्रावाराच्या त्वचेंतूनच तो श्वासोच्छ्वास करतो. कप्पे असलेलें खरें हृदयही नाहीं. पाय आंत-बाहेर होतो त्या धक्क्यानें रक्त हिंडतें. आणि वाढ कशी होते? रुंद तोंडाकडे प्रावार नवें कवच जोडीत जातो. पण प्राणी जाडा झाल्यावर मागचें जुनें भोंक अपुरें पडणार, म्हणून निमुळत्या टोंकाचा थोडथोडा भाग झिजवून टाकला जातो. पुढें बांधकाम, मागें मोडतोड, आणि मध्यें बिऱ्हाड कायम!

इतकें पाहिल्यावर कृमीच्या नळीशीं त्याचें नातें उरत नाहीं. नळीकृमीचें अंग नळीस कोठेंही जोडलेलें नसतें. त्याचें शरीर वलयावलयांचें असतें. पाय, प्रावार व किसणी यांपैकीं त्याच्यापाशीं कांहींच नसतें. गजदंत मात्र आपल्या कवचास स्नायूंनीं बांधलेला असतो व आराखड्यांतील हे तीनही अवयव त्याच्यापाशीं असतात. असें असूनही, ज्यानें चाकू हातीं घेण्याची रीत घातली त्या क्युव्हिएनेंही १८१७ सालच्या आपल्या मोठ्या ग्रंथांत गजदंत नळीकृमींतच ठेविला, आणि पुढच्याच वर्षीं लामार्क यानें तेंच केलें. १८२५ सालीं देशाये या फ्रेंच शास्त्रज्ञानें गजदंताची शरीररचना प्रसिद्ध केली, तेव्हां तो मृदुकाय ठरला. लिनिअसच्या ग्रंथापासून सदुसष्ट वर्षें तो परक्याच्या घरीं राहिला होता.

घर मिळालें, तरी भाऊबंद कोण हा प्रश्न उरलाच. देशाये यानें त्यास उदरपादांच्या शेजारीं बसविलें, आणि त्यास आधारही होता: कवच एकच, व तोंडांत किसणी. परंतु १८५६-५७ सालीं लाकाझ-द्युतिए या दुसऱ्या फ्रेंच पंडितानें गजदंताची वाढ अंड्यापासून पाहिली. पिलाचा प्रावार आरंभीं दोन पाळ्यांचा असतो. पुढें त्या पाळ्या खालच्या बाजूस एकमेकींस जुळतात व नळी तयार होते. दोन पाळ्या म्हणजे द्विपुटांचीच तऱ्हा. शिवाय डोळे नसणें आणि पायानें वाळूंत शिरणें, हेंही तिसऱ्यांसारखेंच. म्हणून गजदंतांचा स्वतंत्र गट करून तो द्विपुटांजवळ ठेवावा, असें त्याचें मत पडलें. स्वतंत्र वर्ग ही गोष्ट सर्वांनीं मानली; शेजाराविषयींचा वाद मात्र पुढें दीडशें वर्षें चालला.

पंडितांनीं त्याचें गोत्र ठरविण्याच्या कितीतरी आधीं सामान्य लोकांनीं गजदंताचा उपयोग ओळखला होता. मणी करावयाचा तर त्यास भोंक पाडावें लागतें. गजदंतास तें जन्मतःच असतें. एलीया संदेष्ट्याच्या कथेमुळें आपणांपैकीं पुष्कळांस परिचित असलेल्या कर्मेल डोंगरावर एल-वाद नांवाची गुहा आहे. तेथें डॉरोथी गॅरड या विदुषीनें १९२९ पासून केलेल्या उत्खननांत, शेती सुरू होण्यापूर्वींच्या, म्हणजे सुमारें बारा हजार वर्षांहूनही जुन्या काळांतील सांगाडे निघाले. त्यांपैकीं कांहींच्या डोक्यांभोंवतीं गजदंतांचीं भूषणें जशींच्या तशीं होतीं. पृथ्वीच्या दुसऱ्या अंगास, उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, हाच शिंपला पैसा झाला. व्हँकूव्हर बेटावरील नू-चा-नुल्थ लोक तो समुद्राच्या तळांतून काढीत आणि व्यापारानें तो दूरवर जाई. कॅलिफोर्नियांतील युरोक लोकांत शिंपला जितका लांब तितकें त्याचें मोल अधिक. माळेची लांबी मोजण्यासाठीं पुरुष आपल्या हातावर गोंदलेल्या खुणा ठेवीत. वधूसाठीं द्यावयाचें द्रव्य आणि कोणाचें नुकसान केल्यास द्यावयाची भरपाई याच नाण्यांत होई. आपल्या देशांत मालदीव बेटांकडील कवडीस जो मान होता, तोच हा. आपल्या भाषेंत कवडीमोल हा शब्द मात्र आतां कवडीच्या अपमानापुरता उरला आहे.

आज मृदुकायांचे सामान्यतः आठ वर्ग धरतात. उदरपाद हा त्यांत सर्वांत मोठा. गजदंतांचा लहान, हयात जाती पांचशें-सहाशें, कांहीं मिलिमीटरांपासून सुमारें पंधरा सेंटिमीटर लांबीपर्यंतच्या. पाठीवर आठ ढालींची रांग मिरविणारे कायटन हा एक निराळा वर्ग. कवच नसलेल्या, किड्यासारख्या दिसणाऱ्या व खोल पाण्यांत राहणाऱ्या प्राण्यांचे दोन वर्ग आहेत. त्यांच्याविषयीं येथें अधिक लिहीत नाहीं. आठव्या वर्गाची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. एकाच टोपीसारख्या कवचाचे कांहीं मृदुकाय फार जुन्या खडकांत सांपडत. पस्तीस कोटी वर्षांहून पूर्वींच ते नामशेष झाले, अशी सर्वांची समजूत होती. १९५२ सालीं गॅलाथिआ या डॅनिश जहाजानें मध्य अमेरिकेच्या पश्चिमेस पॅसिफिक महासागरांत, साडेतीन हजार मीटरांहून अधिक खोलीवरून तळ खरवडून आणला, आणि त्यांत हे प्राणी निघाले. लेम्के यानें १९५७ सालीं त्यांस निओपिलिना हें नांव दिलें.

मध्यंतरीं नात्यागोत्यांच्या शोधास चाकूखेरीज दुसरें साधन मिळालें. प्रत्येक प्राण्याच्या पेशींतील डीएनए या द्रव्यांत पिढीजाद लेख असतो. दोन प्राण्यांचे लेख ताडून पाहिले, म्हणजे त्यांची फारकत आधीं झाली कीं मागाहून, याचा अंदाज करतां येतो. २०११ सालीं ‘नेचर’ या नियतकालिकांत आलेल्या दोन संशोधनांनीं उदरपाद, द्विपुट व गजदंत हे तिघे एका घरांतले, व शीर्षपाद थोडे दूरचे, असें दाखविलें. पण या तिघांत अधिक जवळचे दोघे कोण, याचा पक्का निकाल लागला नाहीं. २०२३ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकांत गजदंतांच्या दोन्ही गणांतील जातींचे जीनोम वाचून लिहिलेला लेख आला. त्याचा निष्कर्ष असा कीं, गजदंताचे सख्खे भाऊ द्विपुटच होत. लाकाझ-द्युतिए यानें पिलाच्या दोन पाळ्या पाहून जें म्हटलें होतें, तें सुमारें १६५ वर्षांनीं असें परत आलें. वाद इतका लांबला याचें कारणही त्या लेखांत आहे. या शाखा फार प्राचीन काळीं एकामागून एक इतक्या झपाट्यानें फुटल्या कीं, पूर्वजांतील निरनिराळे लेख तिन्ही शाखांत नीट वांटले जाण्यापूर्वींच त्या दूर झाल्या. त्यामुळें कांहीं जनुकें एक साक्ष देतात आणि कांहीं दुसरी.

या निष्कर्षानें खडक खोदणाऱ्यांपुढें एक कोडें टाकलें आहे. द्विपुटांचे अवशेष कँब्रियन काळांतील, म्हणजे पन्नास कोटी वर्षांहून जुन्या खडकांत मिळतात. गजदंताचे निःसंशय अवशेष मात्र कार्बोनिफेरस काळापासून, म्हणजे सुमारें पस्तीस कोटी वर्षांपासून पुढचे. त्याहून जुने म्हणून दाखविलेले नमुने वादग्रस्त आहेत. दोघे सख्खे भाऊ असतील, तर एक जन्मला तेव्हां दुसऱ्याचें घराणेंही कोठें तरी नांदत असलेंच पाहिजे. मग मधल्या पंधरा कोटी वर्षांतील गजदंताचे पूर्वज गेले कोठें? त्या खडकांत सुळ्याच्या आकाराची नळी शोधूनही कदाचित् भागणार नाहीं; कारण त्या पूर्वजांच्या प्रावाराच्या पाळ्या जुळून नळी झाली होती, कीं त्या अजून तिसऱ्यांप्रमाणें मोकळ्याच होत्या, हें सांगणारा एकही दगड अद्याप हातीं आलेला नाहीं.